घरातला पासिंग ऑफिसर

मुकुंदराव पाटणकरांनी आयुष्यात पटकन विश्वास ठेवला असेल तर तो फक्त स्वतःवर, आणि तोही स्वतःची सही दोनदा ताडून पाहिल्यावर. बँकेच्या तपासणी खात्यात त्यांची उभी हयात गेली. वापीपासून भरूचपर्यंतच्या शाखांमध्ये ते न कळवता जाऊन उभे राहत, आणि शिपायाने पुढे केलेला चहा बाजूला सारून आधी तिजोरीच्या चाव्या कुणाकडे आहेत ते विचारत. निवृत्त होऊन सुरतेत अडाजणच्या फ्लॅटमध्ये बसल्यावर चाव्या विचारायला कुणी उरलं नाही. मग दूधवाला, वॉचमन आणि गॅसची टाकी आणणारा असे एकेक जण तपासणीखाली आले. अलकाताईंनी संसारात एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. नवऱ्याला काही सांगायचं तर ते घडून गेल्यावर सांगावं. आधी सांगितलं की चौकशी बसते.

त्या वर्षी संक्रांत झाली आणि चौकशी बसली ती घरातल्या संगणकाची.

निमित्त झालं खालच्या मजल्यावरच्या पंडितरावांचं. एका सकाळी त्यांनी संगणक लावला तर पडदा लालभडक. मुलीच्या लग्नाचे फोटो, वडिलांच्या आवाजातली कीर्तनं, सगळं कुणा अज्ञाताने कुलूपबंद करून ठेवलं होतं आणि सोडवायचे पैसे मागत होता. मुकुंदराव सांत्वनाला जावं तसे खाली जाऊन आले. वर येऊन त्यांनी स्वतःचा संगणक लावला आणि पडदा नेहमीचाच आहे याची दोनदा खात्री करून घेतली.

कारण त्या जुन्या, घरघर करणाऱ्या खोक्यात अलकाताईंची गाणी होती.

अलकाताई लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. वर्गातली पोरं बहुतेक खानदेशातून मागावर कामाला आलेल्यांची. पोरांना सोडायला आया येत, फाटकाशी थांबत, आणि कुणाच्या तरी हळदीचं नाहीतर बारशाचं गाणं सहज तोंडात येई. पारोळ्याच्या, शिंदखेड्याच्या, साक्रीच्या बायका, अहिराणी गाणी. अलकाताईंनी एक छोटा रेकॉर्डर घेतला आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या चाळींतून बसायला लागल्या. त्यातल्या कितीतरी बायका आता गावी परत गेल्या होत्या आणि काही तर जगातच नव्हत्या. त्यांचे आवाज होते ते एवढ्या एका खोक्यात, दुसरीकडे कुठेही नाहीत. निवृत्तीनंतर या गाण्यांचं आवाजासकट पुस्तक करायचं, याच एका इच्छेवर अलकाताई सकाळी उठत.

संग्रहात एक भोक मात्र राहिलं होतं. कानबाईची गाणी. ती पुरती येत होती फक्त उषाबाईंना. उषाबाई दिंडोलीला राहत. त्यांचा मुलगा भूपेंद्र अलकाताईंचा विद्यार्थी. पण कानबाई ही खानदेशाची देवी; तिची गाणी श्रावणात, घरात नारळ मांडून तिला बसवतात त्या रात्री, तिच्यासमोर म्हणायची. अवेळी नाही आणि यंत्रासमोर तर मुळीच नाही, असं उषाबाईंचं म्हणणं. अलकाताईंनीही कधी आग्रह धरला नाही. श्रावण दरवर्षी येतोच, असं त्या म्हणायच्या. आणि मग पौषात कळलं की उषाबाईंच्या घशात गाठ आहे. मिश्रीची सवय जुनी. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल, जीव वाचेल. ऑपरेशन फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ठरलं. श्रावण लांब होता.

"मग आता?" मुकुंदरावांनी विचारलं होतं.

"आता काय," अलकाताई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

मुकुंदरावांनी त्याचा अर्थ विषय संपला असा घेतला. जी गाणी आहेत ती तरी सांभाळली पाहिजेत, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. बायकोवरचं प्रेम बोलून दाखवणं त्यांना कधी जमलं नाही. कुलूप लावणं जमायचं.

सून नेहाने सोपा उपाय सुचवला होता. नेहा आणि मुलगा मंदार जवळच पालला राहत. ती हजीऱ्याच्या एका कंपनीत कामाला, जन्म सुरतेतलाच, बोलताना मराठीला गुजराती फोडणी.

"बाबा, ड्राइव्हवर टाकून द्या ने. एक कॉपी तिकडे राहील."

"तिकडे म्हणजे कुणाच्या घरी?"

"घरी नाही, कंपनीकडे."

"म्हणजे आपलं सोनंनाणं परक्याच्या माळ्यावर."

मग नेहाने एक कॉपी पेन ड्राइव्हवर मागितली. मग चार दिवसांनी पुन्हा मागितली. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा मुकुंदरावांचे कान टवकारले. ही मुलगी रांगोळ्यांचे नि उंधियूचे व्हिडिओ करून फोनवर टाकत असते, हे त्यांना ठाऊक होतं. गाणी तिला कशाला हवीत? तपासणी खात्यातला माणूस संशय आला की गप्प होतो.

मग सुरू झाली निवड. मंदार म्हणाला, "बाबा, संगणकाबरोबर आलेलं अँटिव्हायरस चांगलं असतं. अपडेट करत राहा, बास." मुकुंदरावांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. फ्लॅटबरोबर मिळालेलं कुलूप पहिल्याच दिवशी बदलायचं असतं, दुसरी चावी बिल्डरकडे असते, एवढं या पोराला कळू नये! फुकटातली अँटिव्हायरसं त्यांनी विचारातच घेतली नाहीत. जो पैसे घेत नाही तो दुसरं काय घेतो, हे आधी शोधावं लागलं असतं.

इंटरनेटवरची परीक्षणं वाचली तर प्रत्येक परीक्षणाच्या खाली त्याच मालाचं 'विकत घ्या' बटण. म्हणजे पंच आणि फलंदाज एकाच संघाचे. रिंग रोडवरच्या दुकानात गेले तर तिथल्या धर्मेंद्रने काउंटरवर तीन डबे मांडले आणि मधल्यावर थाप मारली.

"काका, आ लई जाव. एकदम टॉप. मी स्वतःच्या घरी हेच वापरतो."

"बाकीचे दोन का वापरत नाही?"

"ते पण सारा छे, काका."

"चांगले आहेत तर वापरत का नाही? आणि वाईट असतील तर विकता का?"

धर्मेंद्रने हात जोडले. मुकुंदरावांनी तिन्ही डब्यांचे फोटो काढले आणि घरी येऊन तिन्ही कंपन्यांच्या अटी वाचायला घेतल्या. या अटी जगात कुणी वाचत नाही. लिहिणारासुद्धा वाचत नसावा. मुकुंदरावांनी भिंग घेऊन वाचल्या. एका कंपनीने 'सेवा सुधारण्यासाठी आपली माहिती गोळा करू शकतो' असं लिहिलं होतं, ती बाद. दुसरीच्या अटींत भांडण झालं तर कुठल्याशा परक्या देशात जाऊन दावा लावायचा होता, तीही बाद. रात्री जेवताना ते अलकाताईंना कलम वाचून दाखवत आणि त्या वरण वाढत 'हं' म्हणत.

शेवटी त्यांनी तिसऱ्या कंपनीचं अँटिव्हायरस घेतलं आणि आत-बाहेर जाणाऱ्यावर पहारा ठेवणारी फायरवॉल मुद्दाम चौथ्याच कंपनीची. मंदारने कपाळाला हात लावला. "अहो बाबा, दोन्ही एकाच डब्यात मिळतं!"

"तेच नको आहे," मुकुंदराव म्हणाले. "कॅशिअर आणि अकाउंटंट साडू-साडू असले की शाखा बुडते."

पण त्यांचं मन खऱ्या अर्थाने भरलं ते अँटिव्हायरसमधल्या 'तिजोरी' नावाच्या सोयीवर. एक फोल्डर तिजोरी म्हणून नेमायचा. ओळखीचे म्हणून नोंदवलेले प्रोग्रॅम सोडले, तर त्यात कुणालाही काही लिहिता, बदलता किंवा पुसता येत नाही. अनोळखी कुणी हात घातला की मालकाच्या फोनवर घंटा वाजते आणि प्रश्न येतो, परवानगी द्यायची? हो किंवा नाही. मुकुंदरावांच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. बँकेत त्यांनी जन्मभर हेच तर सांगितलं होतं: एन्ट्री मारणारा वेगळा, पास करणारा वेगळा. पासिंग ऑफिसरने मान हलवल्याशिवाय पान हलता कामा नये. आता त्यांच्या घरी अलकाताई एन्ट्री मारणार होत्या आणि पासिंग ऑफिसर खिशात फोन घेऊन कुठूनही पास करणार होता.

अलकाताईंच्या गाण्यांचा फोल्डर तिजोरीत गेला. रेकॉर्डरवरची गाणी संगणकात घेणारा त्यांचा जुना प्रोग्रॅम तेवढा ओळखीचा म्हणून नोंदवला गेला. मग मुकुंदरावांनी बायकोला समोर बसवून धडा दिला.

"पडद्यावर अचानक चौकट आली की वाचायची नाही. ओके दाबायचं नाही. कोपऱ्यातली फुली दाबून बंद करायची. चौकट म्हणजे सापळा. पंडितराव चौकटीलाच भुलले."

"आणि कामाची चौकट असली तर?"

"कामाची चौकट असली तर मला फोनवर कळेल. तू फुली दाबायची."

अलकाताईंनी मान डोलावली. शिक्षिकेला शिस्त कळते.

त्यानंतर मुकुंदरावांच्या घरात काहीतरी शिजायला लागलं. ते त्यांनी लगेच हेरलं. नेहाचे फोन वाढले. अलकाताई फोन घेऊन गॅलरीत जाऊ लागल्या. मुकुंदराव आले की बोलणं एकदम गुजरातीत वळायचं आणि भाजीच्या भावावर यायचं. एकदा एक पार्सल आलं, ते अलकाताईंनी न उघडताच कपाटात ठेवलं आणि विचारल्यावर 'नेहाचं आहे' म्हणाल्या. आणि सगळ्यांत संशयास्पद गोष्ट म्हणजे निवृत्त बँकवाल्यांच्या मेळाव्याची. 'तिथे म्हातारे एकमेकांना रक्तदाब सांगतात' म्हणून ज्या मेळाव्याला अलकाताई नाकं मुरडत, त्या रविवारच्या मेळाव्याला 'तुम्ही जायलाच हवं, संगणकाच्या सुरक्षिततेवर बोला ना' असा त्यांनी हट्ट धरला. शर्टाला स्वतः इस्त्री केली. दोनदा विचारलं, किती वाजता संपेल?

मुकुंदराव मनाशी म्हणाले, मला घराबाहेर काढायचा बेत आहे.

बेत होताच. तेवढं त्यांनी बरोबर ओळखलं.

कशासाठी, हेही त्यांनी ठरवून टाकलं: नेहा येणार, गाणी काढून नेणार. बायको भोळी, सुनेच्या गोडीगुलाबीला भुललेली. त्यांना राग आला त्यापेक्षा वाईट जास्त वाटलं. बायकोचं आयुष्यभराचं काम आपण डोळ्यांत तेल घालून राखायचं, आणि तिनेच मागच्या दाराची कडी काढून द्यायची! पण आपल्याला कळलंय हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, फोन पूर्ण चार्ज केला आणि निघाले.

आपल्याला का काढलं, याचं एक साधं कारण त्यांच्या मनात चुकूनही आलं नाही. मागच्या दिवाळीत उषाबाई फराळाला घरी आल्या होत्या. मुकुंदरावांनी त्यांना चकली दिली, बसायला खुर्ची दिली आणि आधार कार्ड मागितलं. सोसायटीत अनोळखी माणूस आला की ते मागतच. उषाबाईंनी कमरेची पिशवी सोडून कार्ड काढून दिलं आणि हसल्या. "ल्या साहेब, वाची ल्या. मी मीच शे." पण अलकाताई हसल्या नव्हत्या. त्या पुढे आठवडाभर मुकुंदरावांशी फक्त स्वयंपाकापुरतं बोलल्या.

मेळावा नानपुऱ्यातल्या एका सभागृहात होता. पन्नासएक पांढरी डोकी, पंखे आणि चहाची किटली. मुकुंदराव उभे राहिले आणि पंडितरावांच्या लाल पडद्यापासून सुरुवात करून तिजोरीपर्यंत आले. "मित्रहो, चोर आपल्या घरात आपल्याच माणसांच्या हातून शिरतो," ते म्हणाले, आणि नेमकी त्याच क्षणी खिशात घंटा वाजली.

फोनवर लिहिलं होतं: अनोळखी प्रोग्रॅम तिजोरीत बदल करू पाहत आहे. परवानगी द्यायची?

मुकुंदराव मनात म्हणाले, आलीच ती! पण चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता त्यांनी फोन उंच धरला. "हे पहा, थेट प्रात्यक्षिक! आत्ता, या घटकेला, माझ्या घरातल्या संगणकात कुणीतरी हात घातला आहे." सभागृहात कुजबुज झाली. मुकुंदरावांनी सगळ्यांना दिसेल असं बोट उचललं आणि 'नाही' दाबलं.

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ ओरडले, "वाह पाटणकरसाहेब, पकडी लीधो!"

थोड्या वेळाने पुन्हा घंटा वाजली. पुन्हा 'नाही', पुन्हा टाळ्या. मग तर सभेला चटकच लागली. भाषण बाजूला राहिलं; सगळे घंटेची वाट पाहू लागले. चिकाटीची चोर आहे, मुकुंदराव मनात म्हणत होते. प्रत्येक वेळी मधे काही मिनिटं जात, जणू पलीकडचं माणूस नव्याने तयारी करत होतं. शेवटची घंटा चहाच्या वेळी वाजली. ती त्यांनी कप हातात धरूनच, गप्पा न थांबवता, अंगठ्याने निकालात काढली.

घरी जाताना त्यांनी फरसाणवाल्याकडून गरम लोचो घेतला. जिंकलेल्या माणसाने रिकाम्या हाताने जाऊ नये. नेहाला कसं विचारायचं याची रिक्षात मनोमन उजळणी केली. आवाज चढवायचा नाही. फक्त विचारायचं, काय, जमलं नाही वाटतं?

दार उघडंच होतं. आत उदबत्तीचा वास. संगणकाच्या टेबलाशेजारी पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर कलश आणि कलशावर नारळ. नारळाला डोळे काढलेले आणि अलकाताईंची लग्नातली नथ. त्या नारळासमोर सतरंजीवर उषाबाई बसल्या होत्या, कोमट पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून, खांदे उतरलेले. त्यांच्यासमोर एका काठीवर काळा माइक उभा होता. पार्सलमधला.

अलकाताईंचा चेहरा मुकुंदरावांनी असा कैक वर्षांत पाहिला नव्हता.

"अहो, म्हटली! सगळी म्हटली!" त्या धावतच आल्या. "कानबाई आणायला निघतात तिथपासून बोळवणीपर्यंत. म्हणाल्या, तारीख डॉक्टरने ठरवली, त्यात कानबाईचा काय दोष. नारळ मांडला तर बसते ती. आता घशातून आवाज निघत नाहीये त्यांच्या, पण म्हटली!"

तेवढ्यात नेहा जिन्याने वर आली. तिच्या हातात रबरी चेंडू होता.

"पार्किंगमधल्या पोरांचा जप्त केलाय," ती म्हणाली. "आरडाओरडा आत यायचा ने, म्हणून मी खालीच बसले होते. बाबा, तुम्ही लवकर आलात?"

मुकुंदराव लोचोची पुडी धरून उभे. रिक्षात घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं, आणि सवयीचा माणूस तयार वाक्य गिळत नाही.

"काय, जमलं नाही वाटतं? पण तू खाली होतीस? मग वर तिजोरीत हात कोण घालत होतं? मेळाव्यात सगळ्यांसमोर पकडलं मी. एकूण एक वेळा हाणून पाडलं."

नेहाने माइककडे पाहिलं. मग संगणकाकडे. चेंडू तिच्या हातातून सुटला आणि टप्पे खात सोफ्याखाली गेला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हा नवा प्रोग्रॅम होता. माइकसाठी मी आज टाकलेला."

ती खुर्चीत बसली आणि तिने फोल्डर उघडला. जुनी गाणी जागच्या जागी होती. 'कानबाई' नावाचा नवा फोल्डर अलकाताईंनी आदल्याच दिवशी जुन्या प्रोग्रॅमातून हौसेने करून ठेवला होता. तो रिकामा होता.

"असं कसं होईल?" अलकाताई म्हणाल्या. "प्रत्येक गाणं झालं की मी सेव्ह दाबत होते. मग इंग्रजी चौकट यायची. ती यांनी सांगितलं तशी न वाचता फुली मारून बंद केली आणि पुढचं गाणं सुरू केलं. प्रत्येक वेळी. एकदाही ओके दाबलं नाही मी."

"सेव्ह झालं नाही, असं सांगत होती ती चौकट," नेहा म्हणाली. पुढचं गाणं सुरू केलं की न ठेवलेलं मागचं पुसलं जातं, हे तिने सांगायची गरज उरली नव्हती. मुकुंदरावांना टाळ्या आठवल्या. एकेक टाळी आठवली. ते दिवाणावर टेकले.

"मला आधी सांगायचं नाही का?" हे त्यांच्या तोंडून निघालं, आणि निघताच ते शरमले.

"सांगितलं असतं," अलकाताई म्हणाल्या, "तर तुम्ही त्यांचं आधार कार्ड मागितलं असतं."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

उषाबाई एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होत्या. हळूहळू त्यांना उलगडलं. त्यांनी पेला खाली ठेवला. "म्हंजे मना आवाज मझार गयाच नही?" त्यांनी विचारलं. शब्द कसेबसे खरवडून बाहेर येत होते.

मुकुंदराव उठले आणि सतरंजीवर त्यांच्यासमोर येऊन बसले. अलकाताईंनी नवऱ्याला जमिनीवर बसलेलं सत्यनारायणाशिवाय पाहिलं नव्हतं. "नाही गेला," ते म्हणाले. "दार मी लावून घेतलं होतं. बाहेर कोण आहे ते पाहिलं नाही. चूक माझी आहे, उषाबाई. यांची नाही."

उषाबाईंनी नारळाकडे पाहिलं, मुकुंदरावांकडे पाहिलं, आणि पदर सारखा केला.

"परत म्हनसू मी."

"नको," अलकाताई म्हणाल्या. "घशाला त्रास होईल. उद्या ऑपरेशन आहे."

"उद्या त्रास व्हवाले गळा कोठे ऱ्हाई?" उषाबाई म्हणाल्या आणि माइक स्वतःच जवळ ओढला.

नेहाची बोटं भराभर चालली. या वेळी प्रोग्रॅम गाणं चालू असतानाच फाइल लिहीत जाईल, असं तिने केलं. "बाबा, तुमची ती तिजोरी बंद करा." मुकुंदराव फोनवर पासवर्ड टाकू लागले. एकदा चुकला, दोनदा चुकला. स्वतःच्या सहीसारखा दुसऱ्याला न जमणारा पासवर्ड त्यांनी ठेवला होता. "राहू द्या, राहू द्या," नेहा कुजबुजली. "विचारलं की फक्त हो दाबा." उषाबाई थांबायला तयार नव्हत्या. उरलंसुरलं जे होतं ते निसटायच्या आत त्यांना द्यायचं होतं. नेहाने बटण दाबलं. उषाबाईंनी डोळे मिटले.

आणि पहिली ओळ निघाली. कशी निघाली देव जाणे. खरखर नाही, अडखळ नाही. शेतातून हाक मारावी तशी मोकळी. कानबाई वेशीशी आली आहे, दार उघडा, असं त्या ओळीत होतं.

त्याच क्षणी मुकुंदरावांच्या हातातल्या फोनची घंटा खणखणली.

"हो! हो! परवानगी आहे, परवानगी!" मुकुंदराव ओरडले आणि पडद्यावर अंगठा दाबत राहिले.

दुसरी ओळ आलीच नाही. उषाबाईंचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताठ होत्या, पण बाहेर नुसती हवा येत होती. त्यांनी एक हात अलकाताईंच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. अलकाताई घाबरल्या. त्या जन्मात गायल्या नव्हत्या. प्रार्थनेलासुद्धा त्या फक्त ओठ हलवत. पण शब्द त्यांना पाठ होते. त्यांनी दुसरी ओळ धरली. चाल चुकली तिथे उषाबाईंनी मान हलवली आणि हाताने चढ दाखवला. अलकाताईंनी ओळ पुन्हा घेतली. असं करत, चुकत, थांबत, पुन्हा घेत, दिवेलागणीपर्यंत कानबाई आली, बसली आणि बोळवली गेली. लोचो तसाच पुडीत गार झाला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. मुकुंदराव दवाखान्यात सकाळपासून बाकावर बसून होते, कुणी सांगितलं नसताना. घरी आल्यावर त्यांनी नेहाला बोलावलं आणि सगळ्या गाण्यांची एकेक प्रत तिच्या हातात दिली. ड्राइव्हवर टाक म्हणाले, पेन ड्राइव्हवर टाक म्हणाले, तुझ्या घरी ठेव म्हणाले. मग जरा घुटमळले.

"त्या पहिल्या ओळीवर माझं ओरडणं आलंय. तेवढं काढून टाकता येईल ना?"

नेहाने कानाला हेडफोन लावून बराच वेळ खटाटोप केला. शेवटी हेडफोन काढला.

"नाही होत, बाबा. तुमचा आवाज बरोब्बर त्यांच्या आवाजावर आहे. तुमचा काढला की त्यांचा पण जातो."

मुकुंदराव पडद्यावरच्या त्या वरखाली होणाऱ्या रेघेकडे बघत राहिले. उषाबाईंचा जगात उरलेला धड आवाज तेवढाच होता.

"राहू दे," अलकाताई मागून म्हणाल्या.

श्रावणात दिंडोलीहून बोलावणं आलं. उषाबाईंच्या घरी कानबाई बसली होती. दारातच उषाबाई उभ्या होत्या, गळ्याला पांढरा रुमाल. मुकुंदरावांना पाहून त्यांनी तळहात पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्यावर चौकोन काढला. मुकुंदरावांना आधी कळेना. मग कळलं. त्यांनी मुकाट्याने पाकीट काढलं आणि आपलं आधार कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. उषाबाई हसल्या. त्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. कार्ड सुलटं-उलटं पाहून त्यांनी परत दिलं आणि वाट सोडली.

आत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. नथ घातलेल्या नारळासमोर नेहाने छोटा स्पीकर ठेवला आणि गाणं लावलं. कानबाईसाठी दार उघडा म्हणणारा उषाबाईंचा आवाज खोलीभर उमटला, आणि त्यावर लगेच मुकुंदरावांचा: हो! हो! परवानगी आहे, परवानगी! पोरीबाळी फिसकन हसल्या. मुकुंदरावांनी मान खाली घातली. नेहाने घाईने पुढे सरकवायला बोट नेलं, तर उषाबाईंनी तिचं मनगट धरलं.

हाताने खूण केली, मागे घे, पुन्हा लाव. नेहाने पुन्हा लावलं. ती ओळ संपली की उषाबाई पुन्हा खूण करत होत्या, आणि नेहा पुन्हा लावत होती.